कस आणि कुणबी : ‘शाश्वत शेती’ या कल्पनेची घडण

(१)

‘शाश्वत शेती’ हा शब्दप्रयोग मराठीत आता चांगलाच रूढ झाला आहे. शासकीय योजनांच्या शीर्षकांत, कृषिविद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत तो सहजपणे येतो. तथापि ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेला, त्या ‘सस्टेनेबल’शी त्याचा अर्थ तंतोतंत जुळत नाही. ‘सस्टेन’ हे क्रियापद लॅटिनमधील ‘खालून’ आणि ‘धरणे’ अशा दोन अर्थांच्या घटकांपासून सिद्ध झाले आहे. पेलणे, तोलून धरणे, पोसणे या त्याच्या अर्थच्छटा होत. या क्रियेत कोणी तरी पेलणारा असतो आणि काही तरी पेलले जाते. उलट ‘शाश्वत’ हे विशेषण निरंतर या अर्थाच्या ‘शश्वत्’पासून आलेले आहे. त्याला कर्ता लागत नाही आणि कर्मही लागत नाही. आत्मा शाश्वत, सत्य शाश्वत, तशीच शेती शाश्वत! परिणामी ही शेती कोणी पेलावयाची आणि तिने कोणाला पेलावयाचे, हे दोन्ही प्रश्न शब्दातूनच गळून पडतात.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. शेती टिकली पाहिजे असे म्हणताना नेमके काय टिकवावयाचे, जमिनीचा कस, पिकाचा उतारा की जमीन कसणारा कुणबी, हा प्रश्न या कल्पनेच्या इतिहासात आरंभापासून उपस्थित आहे. (‘कुणबी’ हा शब्द येथे जातिवाचक नव्हे, तर शेत कसणारा कुटुंबवत्सल गृहस्थ या जुन्या अर्थाने घेतला आहे.) या तीन गोष्टी प्रत्यक्ष जीवनात एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी अभ्यासकांनी व राज्यकर्त्यांनी त्या वेळोवेळी वेगळ्या काढल्या. एकीच्या नावाने घेतलेले निर्णय पुष्कळदा दुसरीच्या मुळावर आले. कल्पनेच्या या वाटचालीतील काही महत्त्वाचे टप्पे दख्खनच्या पठारावर आणि होळकरांच्या इंदुरात पार पडले आहेत. त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

कल्पनेचे युरोपातील मूळ प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. कारण पुढे हिंदुस्थानात आलेले तज्ज्ञ त्याच वादाची शिदोरी घेऊन आले होते. ‘टिकाऊ वापर’ ही संज्ञा प्रथम शेतीच्या संदर्भात आलेली नाही. सॅक्सनीतील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोवित्स याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनशास्त्रावरील ग्रंथात, जंगलात जेवढे वाढेल तेवढेच तोडावे, असा नियम सांगितला. खाणींना व भट्ट्यांना लाकूड पुरेनासे झाले होते, ही त्यामागील चिंता. म्हणजे या विचाराचा जन्म निसर्गप्रेमातून झालेला नसून टंचाईतून झालेला आहे. टिकवावयाचे होते ते लाकडाचे उत्पन्न, आणि टिकवणारा होता राजाचा अधिकारी.

शेतीच्या क्षेत्रात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात तीव्र झाला. युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धान्त मांडला. पीक जमिनीतून जे घेते ते जमिनीला परत मिळाले नाही तर जमीन निःसत्त्व होते, हे त्याचे प्रतिपादन होते. १८६२ च्या आवृत्तीत तर त्याने इंग्लंडच्या शेतीला लुटीची शेती म्हटले. शेतातले धान्य शहरात जाते, शहरातला मैला नदीतून समुद्रात जातो आणि भरपाईसाठी पेरूच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांची विष्ठा जहाजांनी आणावी लागते, असा हा व्यवहार होता. दुसऱ्या बाजूस, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट यांनी १८४३ पासून चालविलेल्या गव्हाच्या प्रयोगांत एक वेगळीच गोष्ट आढळली. वर्षानुवर्षे खत न दिलेल्या वाफ्याचा उतारा आरंभी घसरला खरा, परंतु तो शून्यावर गेला नाही. एका खालच्या पातळीवर येऊन तो जवळजवळ स्थिर झाला. या निरीक्षणाचे पुढे हिंदुस्थानात काय झाले, ते लवकरच दिसून येईल.

(३)

दख्खनच्या शेतकऱ्याजवळ जमिनीच्या कसासंबंधीची शब्दसंपत्ती मोठी होती. ‘कस’ आणि ‘उतारा’ हे शब्द तर होतेच. शिवाय जमीन विश्रांतीसाठी सोडणे ती ‘पड’, पिकांची आलटापालट ती ‘फेरपालट’, आणि आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेली जमिनीची स्थिती ती ‘बेवड’. हरभऱ्याचा बेवड चांगला असे जेव्हा कुणबी म्हणतो, तेव्हा एका हंगामाचे दुसऱ्या हंगामावरील ऋण तो एकाच शब्दात सांगत असतो. मात्र या सर्व व्यवहारांना कवेत घेणारे एकच नाव या शब्दसंपत्तीत आढळत नाही. याचे कारण उघड आहे. जी गोष्ट नित्याच्या वहिवाटीने चालत असते तिला वेगळ्या नावाची गरज भासत नाही. ती मोडू लागली म्हणजे तिची कल्पना बनते.

ती मोडू लागल्याची चिन्हे १८६० नंतरच्या दोन दशकांत स्पष्ट झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. तीस वर्षांच्या मुदतीची सारापद्धती पुनर्आकारणीस आली व सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जदार शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ठिकठिकाणी कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. मराठीत कर्जरोख्याला ‘खत’ म्हणतात आणि जमिनीला घालावयाच्या शेणमातीलाही ‘खत’च म्हणतात. पहिला शब्द अरबी असून फारसीच्या मार्गाने आलेला. दुसरा वेगळ्या कुळातला. उच्चाराचा हा योगायोग असला, तरी त्या काळच्या कुणब्याच्या संसारात ही दोन खते एकमेकांशी बांधली गेली होती. सावकाराच्या खताचे हप्ते भागविण्यासाठी बैल विकावा लागला म्हणजे शेताचे खतही कमी होत असे. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला.

या परिस्थितीचे सर्वांत मूलगामी विवेचन १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात केले. हा ग्रंथ प्राधान्याने ब्राह्मणी नोकरशाही, सारापद्धती व अविद्या यांच्यावरील टीकेसाठी वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु जमिनीच्या कसासंबंधी त्यात आलेले विचार तितकेच लक्षणीय आहेत. डोंगरांवरील झाडांची पाने, फुले, गवत, मेलेल्या जिवांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन शेतांत उतरत आणि त्यामुळे शेते सुपीक राहत, हे फुले सांगतात. वनखात्याने डोंगर, कुरणे व गायराने अडविल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांची चराई संपली, हेही ते सांगतात. कुटुंबे वाढली, जमीन अपुरी पडू लागली आणि शेते पाळीपाळीने पड टाकण्याची सोय उरली नाही, त्यामुळे त्यांचा कस गेला, असे त्यांचे निदान आहे. यावर त्यांनी सुचविलेले उपायही याच दिशेचे आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरेल अशा ताली व बंधारे सरकारने मोकळ्या वेळात लष्कर व पोलीस यांच्याकडून बांधून घ्यावे, तलाव-नाल्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांस फुकट नेऊ द्यावा, आणि गायराने गावांस परत करावी.

फुल्यांना आजच्या अर्थाने शाश्वत शेतीचे प्रवर्तक ठरविणे हा कालविपर्यास होईल. त्यांचा विषय शेतकऱ्याची गुलामगिरी हा होता. परंतु नेमक्या याच कारणामुळे त्यांच्या मांडणीत कस, उतारा व कुणबी यांची फारकत झालेली नाही. डोंगरावरचे पान शेतात पोहोचत नाही याचे कारण वनखात्याचा कायदा. शेताला विश्रांती मिळत नाही याचे कारण सारा व कर्ज. जमीन निःसत्त्व होणे ही त्यांच्या लेखी केवळ रसायनशास्त्रातील घटना नाही. तिला कर्ता आहे. याच सुमारास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ‘राबा’चा वाद चालू होता. भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा वाफ्यावर जाळण्याची ही पद्धती १८७८ च्या वनकायद्यानंतर वनखात्याच्या डोळ्यांवर आली. मुंबई सरकारच्या वन-आयोगाला १८८५ ते १८८७ या काळात तिचा विचार करावा लागला. वनखात्याला जंगल टिकवावयाचे होते आणि शेतकऱ्याला भात. दोघेही टिकवण्याचीच भाषा बोलत होते.

(४)

१८८० च्या दुष्काळ-आयोगाने शेतीखात्यांच्या स्थापनेची शिफारस केल्यानंतर हिंदुस्थानच्या शेतीची शास्त्रीय पाहणी करण्यासाठी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांना पाचारण करण्यात आले. डिसेंबर १८८९ मध्ये ते येथे आले आणि सुमारे तेरा महिने हिंडले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल दोन कारणांसाठी महत्त्वाचा आहे. पहिले असे की, हिंदी शेतकरी मागासलेला आहे ही सरकारदरबारची समजूत त्यांनी सपशेल नाकारली. तो सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा असून काही बाबतींत सरस आहे, उणीव आहे ती साधनांची, असे त्यांनी लिहिले. दुसरे असे की, शेण जाळण्याच्या प्रथेचा दोष त्यांनी शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिला नाही. जेथे लाकूडफाटा मिळतो तेथे शेण शेतात जाते, जेथे तो मिळत नाही तेथे गोवऱ्या होतात, हे त्यांनी प्रांतोप्रांती पाहिले, आणि जळण व वैरण यांसाठी गावांजवळ राखीव वने वाढवावीत असे सुचविले. तेलबिया व हाडे परदेशी निर्यात होतात तेव्हा त्यांच्याबरोबर जमिनीचे सत्त्वही जहाजावर चढते, हा मुद्दाही त्यांनी विचारात घेतला.

व्होएल्कर यांची दृष्टी सहानुभूतीची होती; तथापि सारा व कर्ज हे प्रश्न त्यांच्या कार्यकक्षेच्या बाहेर होते. फुल्यांनी एकत्र पाहिलेल्या गोष्टींपैकी एक भाग येथे शास्त्राकडे आला आणि दुसरा महसूलखात्याकडे राहिला. या विभागणीचे परिणाम दूरवर पोचले. १९२६ मध्ये नेमलेल्या लिनलिथगो यांच्या शाही कृषि-आयोगापुढे, हिंदुस्थानची जमीन दिवसेंदिवस निकस होत आहे काय, हा प्रश्न पुन्हा आला. १९२८ च्या अहवालात आयोगाने दिलेले उत्तर मननीय आहे. खत न घालता वर्षानुवर्षे पीक काढून नेले तरी जमीन एका स्थिर अवस्थेला पोहोचते; हिंदुस्थानातील बहुतेक जुनी जमीन अशा अवस्थेला केव्हाच पोहोचली असून तिची आणखी घसरण होत असल्याचे मानण्यास आधार नाही, असा त्याचा आशय होता. रोथॅमस्टेडच्या बिनखताच्या वाफ्याने दाखविलेली गोष्ट येथे एका देशाला लागू झाली.

शास्त्रीय दृष्ट्या हे विधान कदाचित समर्थनीय ठरेल. परंतु ‘टिकणे’ या शब्दाच्या अर्थाच्या दृष्टीने त्याचा विचार केला म्हणजे त्यातील विसंगती ध्यानात येते. जी शेती आता आणखी खाली जाऊ शकत नाही ती स्थिर आहे, म्हणून ती टिकाऊ म्हणावयाची काय? तळाला टेकलेली जमीन हलत नाही हे खरे. पण तिच्यावर उभे असलेले कुटुंब हलत असते. ते कर्जात जाते, गाव सोडते, मुंबईच्या गिरणीत जाते. उतारा स्थिर राहतो, कुणबी राहत नाही. शाश्वततेचे मोजमाप फक्त जमिनीत केले तर दारिद्र्यही शाश्वत ठरू शकते, हा धोका १९२८ सालीच दिसण्याजोगा होता.

(५)

या स्थिर अवस्थेतून वर येण्याचा मार्ग शोधणारे काम त्याच दशकात इंदुरात चालू होते. आल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथील संशोधनसंस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुसा येथील गव्हाचे सुधारित वाण हे उभयतांच्या परिश्रमांचे फळ होय. पिकांच्या निरोगीपणाचे मूळ जमिनीच्या कसात आहे, आणि तो कस कसा राखावा हे भोवतालच्या शेतकऱ्यांकडून शिकता येते, असे हॉवर्ड यांचे मत तेथे बनत गेले. शेतीशास्त्राची वनस्पती, कीटक, बुरशी, रसायन अशी वेगवेगळ्या खात्यांत झालेली वाटणी त्यांना मान्य नव्हती. १९२४ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी व मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांच्या साहाय्याने इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. संस्थेजवळ माळव्याच्या काळ्या जमिनीचे सुमारे ३०० एकरांचे क्षेत्र होते.

हॉवर्ड यांना आणखी एक प्रेरणा पूर्वेकडून मिळाली होती. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९०९ मध्ये चीन, कोरिया व जपान या देशांचा प्रवास केला. अमेरिकेच्या मृदाखात्याचे प्रमुख मिल्टन व्हिटनी हे जमिनीचा कस अक्षय्य आहे असे मानणारे, आणि त्यांच्याशी मतभेद झाल्यामुळे किंग यांना ते खाते सोडावे लागले होते. १९११ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात चाळीस शतके एकच जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचे वर्णन आहे, आणि त्याच्या उपशीर्षकात ‘पर्मनंट’ म्हणजे कायमस्वरूपी शेती हा शब्द आहे. सिरिल हॉपकिन्स यांच्या १९१० च्या ग्रंथाच्या नावातही तोच शब्द आढळतो. ‘सस्टेनेबल’ प्रचारात येण्यापूर्वी पाऊण शतक या विचाराचे नाव ‘कायम शेती’ असे होते, ही गोष्ट शब्दाच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

चीनमधील शेतकऱ्यांची खत कुजविण्याची रीत, हिंदी शेतकऱ्यांचा व्यवहार आणि आधुनिक रसायनशास्त्र यांचा मेळ घालून इंदुरात जी पद्धती सिद्ध झाली ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर प्रसिद्ध पावली. तिचे स्वरूप साधे आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा असा जो जो टाकाऊ भाग शेतात निघतो तो साठवावयाचा. पऱ्हाट्यांसारख्या टणक वस्तू गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घ्यावयाच्या. हे सर्व गोठ्यात जनावरांखाली अंथरावयाचे, म्हणजे त्यात मूत्र मुरते. नंतर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यांत हा माल, शेणकाला, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची आणि ठरावीक काळाने तीन वेळा उलथापालथ करावयाची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यामागचे शास्त्र असे : कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण आरंभी साधारण ३३ : १ असावे लागते, जंतूंच्या क्रियेने कर्ब जळत जाऊन ते १० : १ च्या आसपास येते आणि मग त्या खतातील नत्र पिकाला मिळू शकते. कच्चा काडीकचरा शेतात पुरला तर उलट जंतूच जमिनीतील नत्र खाऊन टाकतात व पीक पिवळे पडते. उकिरड्यात जे काम वर्षभर अर्धवट होत असे, ते येथे नियमात बसविले गेले.

या पद्धतीचे पहिले सविस्तर विवरण १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगावरील ग्रंथात आहे. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेच्या रसायनविभागातील मुख्य साहाय्यक होते. कर्ब-नत्राचे प्रमाण, कुजण्याची अवस्था आणि नत्राचा जमाखर्च या गोष्टी प्रयोगशाळेतील चिकाटीच्या पृथक्करणाखेरीज ठरणे शक्य नव्हते. हॉवर्ड त्याच वर्षी हिंदुस्थान सोडून गेले. वाड यांनी काम पुढे चालू ठेवले आणि १९३४ मध्ये जॅक्सन यांच्यासह, गावाशहरांतील मैला व कचरा याच पद्धतीने कुजविण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. लीबिखने ज्या सत्त्वाच्या समुद्रात जाण्याचा शोक केला होता, ते शेताकडे वळविण्याची ही योजना होती. पुढील काळात हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे आद्य नाव म्हणून दुमदुमले. वाड यांचे नाव मात्र ग्रंथसूचीतच राहिले. कल्पनेचा इतिहास लिहिताना अशा सहलेखकांची आठवण ठेवणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.

१९४० च्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट’ या ग्रंथात हॉवर्ड यांनी या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले. जमिनीचा कस राखणे ही कोणत्याही कायमस्वरूपी शेतीची पहिली अट आहे आणि जे जमिनीतून आले ते जमिनीला परत गेले पाहिजे, हा त्यांचा ‘परतीचा नियम’. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबर्न यांच्या ग्रंथातून ‘ऑर्गॅनिक’ शेती ही संज्ञा आली, १९४३ मध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांचा ‘द लिव्हिंग सॉइल’ निघाला आणि १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. इंदुरात सुरू झालेला विचार अशा रीतीने पश्चिमेत संस्थारूप झाला.

परंतु या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात इंदूर पद्धती प्रथम मोठ्या प्रमाणावर उचलली ती केनियातील कॉफीच्या, सिलोन व आसामातील चहाच्या आणि आफ्रिकेतील इतर पिकांच्या मळेवाल्यांनी. ज्यांच्याजवळ मजूर, पाणी व भांडवल होते त्यांना ती सोयीची पडली. तीन-चार तुकड्यांत विभागलेली जमीन, एखादी बैलजोडी, उन्हाळ्यात पिण्यालाही न पुरणारी विहीर आणि चुलीसाठी गोवऱ्यांखेरीज जळण नाही, अशा दख्खनच्या कुणब्याला परतीचा नियम पटत नव्हता असे नाही. परत देण्याजोगे त्याच्या हाती फारसे उरत नव्हते.

(६)

कुणब्याच्या हाती काय उरते, याचा हिशेब दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने मांडला होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचे झालेले बारीक तुकडे, कर्जाचा बोजा आणि कुटुंबाचा खर्च यांची घरोघर नोंद घेऊन त्यांनी कुटुंबांची विभागणी केली : केवळ शेतीवर भागणारी, बाहेरच्या मजुरीच्या आधाराने भागणारी आणि कशानेच न भागणारी. शेवटचा वर्ग सर्वांत मोठा निघाला. १९२१ मध्ये त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या अधिक कोरड्या गावाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील चित्र आणखी निराशाजनक होते.

पुढे याच कानिटकरांनी सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनकेंद्रात जमिनीची धूप, ओलाव्याचे संरक्षण व बांधबंदिस्ती यांवर मूलभूत काम केले, आणि १९४४ मध्ये त्यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बांध घालणे, शेणखत देणे, ओळींतील अंतर वाढविणे व वारंवार कोळपणी करणे यांवर आधारलेली ही ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ दख्खनच्या परिस्थितीला धरून होती. १९४२ च्या मुंबई जमीनसुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीच्या कामाला शासकीय आधार दिला. एकाच अभ्यासकाने कुटुंबाच्या कर्जाचा आणि शेतातून वाहून जाणाऱ्या मातीचा, असे दोन्ही हिशेब केले, ही घटना बोलकी आहे. पण ते दोन ग्रंथांत राहिले. एक अर्थशास्त्राच्या कपाटात गेला, दुसरा मृदाशास्त्राच्या.

त्यांना एकत्र आणण्याचा वैचारिक प्रयत्न वर्ध्यात झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत काम केले आणि जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ मध्ये निघाला. किंग व हॉवर्ड यांनी ‘कायम’ हा शब्द शेतीला लावला होता. कुमारप्पांनी तो संपूर्ण अर्थव्यवस्थेला लावला. प्रदेशातील लोकांच्या समतोल आहाराची गरज आधी ठरवावी आणि त्यानुसार कोणत्या जमिनीत कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावे, ही त्यांची ‘समतोल शेती’ची योजना व्यवहारात उतरली नाही. परंतु तिच्यामुळे टिकवावयाच्या गोष्टींच्या यादीत कस व कुणबी यांबरोबर जेवणाऱ्या माणसाचाही समावेश झाला.

(७)

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६५–६६ च्या दुष्काळानंतर, ‘उतारा’ हे एकच उद्दिष्ट प्रमुख झाले. त्या काळची अन्नधान्याची निकड लक्षात घेता ते अस्वाभाविक नव्हते, आणि संकरित व बुटक्या वाणांनी देशाला धान्य दिले हे मान्य केलेच पाहिजे. या क्रांतीच्या अग्रभागी असलेले एम. एस. स्वामिनाथन यांनीच जानेवारी १९६८ मध्ये वाराणसीच्या सायन्स काँग्रेसमध्ये इशारा दिला होता, की कसाची काळजी न घेता केलेली सघन शेती व भूजलाचा बेसुमार उपसा हे अखेरीस विनाशाकडे नेतील. ‘सस्टेनेबल’ हा शब्द या पार्श्वभूमीवर पुढे आला. १९८० च्या जागतिक संवर्धन-धोरणात तो ठळक झाला आणि १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने तो सर्वतोमुखी केला. त्याच सुमारास गॉर्डन कॉनवे या अभ्यासकाने कृषिव्यवस्था चार कसोट्यांवर पारखण्याची पद्धती मांडली : उत्पादकता, स्थैर्य, टिकाऊपणा आणि समन्यायिता. स्थैर्य व टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही असूनही न्याय नसू शकतो, हे येथे परिभाषेच्या पातळीवर मान्य झाले. १९२८ च्या अहवालातील गाठ अशा प्रकारे जवळजवळ साठ वर्षांनी सुटली.

महाराष्ट्रात ती व्यवहारात सोडविण्याचा प्रयत्न याआधीच सुरू झाला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे माती व पाणी अडविण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे पण दूरगामी होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचा. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता यावयाचा नाही. आणि ऊस घ्यावयाचा नाही. शेवटचा नियम पाण्यासाठी, पहिले तीन माणसांसाठी. परंतु ते एकाच नियमावलीत आहेत, आणि एक सुटला तर दुसरे टिकत नाहीत, हेच त्या योजनेचे मर्म होते.

(८)

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, शाश्वत शेती ही कल्पना पश्चिमेकडून आयात झाली असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच ती आपल्या प्राचीन परंपरेत तयार होती असे म्हणणेही अपुरे आहे. वहिवाट येथे होती. तिची कल्पना बनली ती वहिवाट मोडत असताना, कर्ज, वनकायदा, निर्यात व प्रयोगशाळा यांच्या संघर्षातून. दुसरा असा की, कल्पनेची जसजशी शास्त्रीय प्रगती झाली तसतशी तिच्यातील कुणब्याची जागा आकसत गेली. इंदूर पद्धतीत कसाचे गणित पूर्णत्वाला गेले, पण कर्जाच्या खताचा हिशेब तिच्या बाहेर राहिला. तिसरा निष्कर्ष भाषेसंबंधीचा आहे. ‘शाश्वत’ हा शब्द आता बदलता येणार नाही आणि बदलण्याचा आग्रहही धरू नये. रूढ झालेले शब्द पंडितांच्या आज्ञेने हटत नसतात. परंतु तो वापरताना त्याच्या पोटातील लुप्त कर्ता व लुप्त कर्म यांचा अध्याहार करण्याची सवय अभ्यासकांनी लावून घेतली पाहिजे. एखादी योजना शाश्वत आहे असे म्हटले गेले, की तिने कोणाचे काय टिकते आणि ते टिकविण्याचा भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्न विचारणे अवश्य ठरते.

बेवड या शब्दात कुणब्याने एका पिकाचे दुसऱ्या पिकावरील ऋण ओळखले होते. एका पिढीचे दुसऱ्या पिढीवरील ऋण त्याच नेमकेपणाने सांगणारा शब्द शास्त्राला अद्याप घडवावयाचा आहे. तो घडेल तेव्हा त्यात कसाइतकेच कुणब्यालाही स्थान असणे आवश्यक आहे.